मारल्याबिगर आत जायचं न्हाई

फोनवरचा एक खेळ मी सुरू करावा का करू नये, ह्याच्यावर माझ्या ल्योकाची आन् सुनेची आठवडाभर मीटिंग चालली. मला कुणी विचारलं न्हाई. मी तितंच टेबलाशी मेथी निवडत बसलो हुतो.

'बसलो' म्हटलं म्हणून दचकू नगा. निपाणीकडं आम्ही बाया असंच बोलतो, मी आलो, मी गेलो. सून पुण्याची, तिला ह्याचं हसू येतंय. येऊ दे. हसायला तिला दुसरं काय हाय? सकाळी उठून कानात बोळं घालायचं आन् भिंतीकडं तोंड करून "सर, सर" करत हिंदीत बोलत बसायचं. ल्योक शेजारच्या खोलीत तेच करतोय. व्हाइटफील्डात आफिसाच्या जवळ म्हणून हे घर घेतलं, आन् आता आफिस घरात आणून ठेवलंय.

"त्यांच्या डोळ्यांना त्रास होणार," सून म्हणाली. "आत्ता कुठे मोतीबिंदूचं झालंय. त्यात स्क्रीन."

"पण ब्रेन ॲक्टिव्ह राहतो ना. तो प्लस पॉइंट आहे," ल्योक म्हणाला.

"मल्टिप्लेअर आहे रे तो. ऑनलाइन. कोणीही येऊन समोर बसतं. उद्या कोणी गोड बोलून ओटीपी मागितला तर?"

"प्रायव्हेट रूम करता येते. दोघीच आत, तिसरं कुणी नाही."

"आणि ॲडिक्शन?"

"आईला? आईला चहाचं ॲडिक्शन झालं नाही अजून."

"हसू नको. मायनसमध्ये धर तो."

धरला असंल. ही दोघं सगळ्याचंच असं करत्यात. मिक्सर घ्यायचा हुता तवा कुठला घ्यायचा ह्याच्यात दिवाळी गेली, संक्रांत गेली. तवर मी खलबत्त्यात कुटलं. मूल होऊ द्यायचं का न्हाई, ह्याचं फायदं-तोटं अजून मोजत्यात. सुनेच्या केसात पांढरं दिसाय लागलं, तरी ह्यांची बेरीज जुळंना. शिकल्याल्या माणसाची तऱ्हाच ती. पाण्यात पाय घालायच्या अदूगर पाण्यालाच विचारत्यात, तू किती वल्लं हाईस.

मला बेंगळूरला दिली तवा कुणी प्लस-मायनस धरलं न्हवतं. पोरगा शिवाजीनगरात शिंप्याच्या दुकानात हाय, दारू पीत न्हाई, एवढं ऐकलं आन् बापानं अक्षता टाकल्या. दारू पीत हुता. आमचं निपाणीचं मोडकंतोडकं कन्नड हितं चालंना, आन् गल्लीतल्या नळावर सगळ्या तमिळात भांडायच्या. मी घागर घेऊन मुकी उभी. मागनं आलेली पुढं जायाची. पुढं नवरा खोकून खोकून गेला, ल्योक तवा नुकता चालाय लागलेला. त्याच दुकानाची काजं मी हातात घेतली. शर्टाच्या बटणाला जी भोकं लागत्यात त्यास्नी दोऱ्यानं कडा घालायच्या, एक झालं की दुसरं, उजेड हाय तवर. सुई टोचून टोचून माझ्या बोटाचं टोक असं झालंय की इस्तवाला लागलं तरी कळत न्हाई. त्या बोटानं आता फोनवरचा फासा टोचायचा हुता, आन् त्याच्यापायी ह्यांची मीटिंग.

आता हा खेळ आमच्या घरात आला कुठनं, ते सांगतो.

माझी एक थोरली भण हाय. अक्का. ती निपाणीतच ऱ्हायली. शिमग्याच्या सुमाराला तिच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू पडली, वाचा गेली, तोंड वाकडं झालं. जीव ऱ्हायला. ऐकू येतंय, कळतंय सगळं, फकस्त बोलता येत न्हाई. माझ्या डोळ्याचं आपरेशन त्याच दिसांत झालेलं. ल्योकाला म्हटलं, मला निऊन सोड. तो म्हणाला, "आई, स्वल्प थांब. रिलीज आहे."

हे रिलीज काय असतंय ते मी अजून बघितलेलं न्हाई. दिवस भरलेल्या बाईगत घरभर त्याची काळजी. आज हुईल, उद्या हुईल, कुणी मोठ्यानं बोलू नगा. आन् झालं की पेढा न्हाई, बारसं न्हाई, लगेच दुसऱ्याची तयारी. त्या शिमग्यापासनं तीन बाळंतपणं झाली असतील ह्यांची, मातर मला निपाणीला न्यायला सवड न्हाई. आन् डोळ्याचं झालेलं, म्हणून एकटी जाऊ देत न्हाईत.

व्हिडिओवर बघावं म्हटलं, तर अक्का तोंड दाखवंना. फोन समोर धरला की डाव्या हातानं पदर वढून घ्यायची आन् भिंतीकडं वळायची. तिला लाज वाटायची. मी बी मग फोन लावायचं सोडलं. पाठ बघायला कशाला लावायचा?

तवा तिच्या सुनेचा फोन आला. "मावशी, डॉक्टरांनी सांगितलंय डावा हात चालता ठेवा म्हणून. तर आत्याबाईंना मी फोनवर लुडो शिकवलं. एका बोटानं फासा टाकत्यात. तुम्ही तिकडनं आत या की. दोघी खेळाल रोज."

माझ्या ल्योकाला हे लई आवडलं. त्याचा चेहरा मी बघितला. रिलीज झाल्यावर बी एवढा खुलत न्हाई.

"बघ की आई," म्हणाला, "रोज भेट होईल मावशीची. मग घाई कशाला जायची? आरामात जाऊ."

तितं मला सगळं कळलं. बाकीचं डोळं, ब्रेन, ओटीपी, ती नुसती वरची फोडणी. आतली भाजी ही हुती. म्हातारीच्या हातात खुळखुळा द्यायचा, म्हंजे ती गाव-गाव करणार न्हाई.

मग मी बी मोजलं. मेथीच्या काड्या बाजूला टाकत मोजलं. खेळ सुरू केला की जायचं मोडलं, हे धरूनच चालायचं. उद्या म्हटलं मला न्या, तर म्हणणार, काल दोन तास खेळलीस की तिच्यासंगट. एका बाजूला हे. दुसऱ्या बाजूला अक्काचं एक बोट. सबंध बाईतनं तेवढंच मोकळं ऱ्हायलेलं, आन् ते फोनवर ठिवून ती माझी वाट बघत्याली. न्हाई म्हटलं तर तिला वाटायचं, धाकटी बेंगळूरवाली झाली, शिष्ट झाली. आमचा बाप गेला तवा मला वेळंवर जाता आलं न्हवतं. अक्कानं तवा एवढंच म्हटलं हुतं, "तुझं बेंगळूर लई लांब हाय गं." लागलं ते मला. अजून लागतंय.

"सरी, चालतंय," मी म्हटलं. "करा सुरू."

सून म्हणाली, "थांबा आई, आमचं अजून ठरलं नाहीये."

"तुमचं ठरू दे सावकाश," मी म्हटलं. "मला निवडून झालं." आन् मेथीची पाटी उचलून आत गेलो.

लुडो मला नवा न्हवता. कागदावरचा मी ल्योकाच्या लहानपणी खेळलोय. पण आम्हा भणींचा खरा खेळ म्हंजे चौकाबारा. पोरीच्या वयात आम्ही दोघी तंबाखूच्या वखारीत जात हुतो. तोंडाला फडकं बांधून तंबाखू चाळायची, डोळ्याची नुसती आग. दुपारच्या सुट्टीत भाकरी खाऊन झाली की अक्का कोळशानं जमिनीवर चौकटी मारायची. मधी एक घर, भवतीनं चौकटी. चिंचोकं दगडावर घासून त्यांची दोन फाकं करायची, ती वर उडवायची, पांढरी बाजू वर किती पडली ते आपलं दान. फुटक्या बांगड्यांच्या सोंगट्या. मुकादम यायचा आन् पायानं पुसून जायचा. अक्का दुसऱ्या दिवशी परत मारायची.

त्या खेळात एक कायदा हुता. एक तरी सोंगटी मारल्याबिगर आत जायचं न्हाई. दान कितीबी चांगलं पडू दे, समोरच्याचं एक मुंडकं उडवल्याबिगर मधल्या घराचं दार उघडत न्हाई. तवर नुसतं भवतीनं फिरायचं. अक्काला हा कायदा असा लागू पडला की तिनं तो जल्मभर पाळला, खेळात बी आन् बाहेर बी. मी तिची धाकटी भण, माझ्यावर कवा दया न्हाई. सोंगटी मारली की जिमिनीवर थाप टाकायची, "मर!" म्हणायची आन् माझ्या तोंडाकडं बघत बसायची. रडवून सोडायची. मी रडलो की भाकरीतला तुकडा बी तीच द्यायची.

खेळ सुरू झाला. दुपारची जेवणं झाली की ल्योक फोनमधी आमची खोली उघडून द्यायचा आन् आपल्या खोलीत जायाचा. अक्काची पिवळी, माझी हिरवी.

काय तो खेळ, बघा. फासा आपण टाकायचाच न्हाई, बोट लावायचं, तो आपला आपण नाचतोय. सोंगटी आपण उचलायची न्हाई, ती टुणटुण उड्या मारत जात्या. मधीच जाहिरात. एक बाई येऊन केसाचं तेल सांगणार, तवर आम्ही दोघी म्हाताऱ्या हितं आन् तितं गप बसायचं. जिंकलं की फोनातनं फटाकं, सोन्याच्या मोहरांचा पाऊस. त्यातली एक बी हाताला लागत न्हाई. असल्या खुळ्या कारभारात माणसं रात आन् दिवस घालवत्यात म्हणे, पैसं बी घालवत्यात. वखारीतल्या बाया ह्यांच्यापरीस शाण्या. सुट्टी संपली की उठायच्या.

एक डाव मी भलतीकडंच बोट लावलं आन् अनोळखी माणसांच्यात जाऊन पडलो. कोण कुठली, देव जाणे. त्यात तोंडाची चित्रं पाठवता येत्यात. मी एकाची सोंगटी मारली तर त्यानं रडकं तोंड पाठवलं. परत मारली, परत रडकं तोंड. बाप्या माणूस असंल, नोकरीचाकरीवाला असंल, आन् लाकडाची बी न्हाई अशी सोंगटी मेली म्हणून रडतोय. तेवढ्यात सून पाणी प्यायला आली आन् तिनं ते बघितलं.

"आई! हे कोण आहेत? काही टाइप तर नाही केलंत ना तुम्ही?"

"मला टाइप येत न्हाई."

"थँक गॉड."

"शाळंत न गेल्याचा असा बी फायदा," मी म्हटलं. "प्लसमध्ये धर."

ती हसली न्हाई. तिच्या ध्यानातच आलं न्हाई.

पण अक्का. अक्का मला पहिल्याच डावात भेटली. तिची एक सोंगटी घराच्या तोंडाशी जाऊन पोचलेली, आन् मला एकदा बी मारलेलं न्हाई. आत जायचं दान पडलं. गेली न्हाई. दुसरीच सोंगटी हलवली. परत पडलं, परत दुसरी हलवली. फोनातल्या खेळाला हा कायदा न्हाई, तो कुणालाबी आत सोडतोय. पण अक्का दारात उभी ऱ्हाऊन माझी वाट बघत हुती. माझी हिरवी पुढं आली तशी तिनं मागनं दुसरी सोंगटी आणून ती उडवली, आन् मगच घरात गेली. मला तिची थाप ऐकू आली. खरं सांगतो, त्या दिवशी मला दोन घास जादा गेलं.

मग रोज तसंच. ती मारायची, मी मरायचो. मधनं आधनं मी बी मारायचो. ल्योक येता-जाता विचारायचा, "काय म्हणते मावशी?" मी म्हणायचो, "मारती हाय." तो म्हणायचा, "छान." जायाचा इषय मी काढला की त्याचं तेच, रोज भेटतेस की आई. मी म्हटल्यालं तसंच झालं. वाईट वाटलं न्हाई. जे दिसत हुतं तेच झालं, त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं?

असंच काही दिवस गेलं, आन् एका दुपारी अक्काची पिवळी मला न मारता आत गेली.

मला वाटलं बोट चुकलं. आजारी बाई हाय. पण पुढच्या डावात माझी हिरवी तिच्या बराबर तीन घरं पुढं उभी, तिला तीनच पडलं, आन् तिनं मला सोडून दुसरीकडंच चाल केली. आन् डाव संपल्यावर समोरनं एक फूल आलं. गुलाबाचं. फोनातलं चित्र.

अक्कानं मला उभ्या जल्मात फूल दिलेलं न्हाई. लग्नात मला वाटं लावताना तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला हुता, रडू नगं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम माझी सोंगटी तिच्या तोंडात निऊन ठिवली. सोडली तिनं. मी परत ठिवली. परत सोडली, आन् आपली गोगलगाईगत आत निघून गेली. वर परत गुलाब. समोर जे कुणी बसलं हुतं ते माझं लाड करत हुतं. तान्ह्या पोराला जिंकू द्यावं तसं मला जिंकू देत हुतं.

डोस्क्यात एकच. अक्का गेली. अक्का गेली आन् ह्या माणसांनी मला सांगितलं न्हाई. डोळ्याचं आपरेशन, वय झालेलं, धक्का बसंल, मग आफिसचं काम मोडंल. सगळं मोजून बघितलं असंल आन् सांगू नये असं ठरलं असंल. आन् मी मेलेल्या भणीसंगट फोनवर खेळत बसलोय.

मी अक्काच्या सुनेला फोन केला. "अक्काला दाव."

"मावशी, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"पाठ दाव. झोपल्याली दाव."

"अंधार हाय खोलीत, मावशी. दिसणार न्हाई." आन् फोन ठिवला. भर दुपारचं ऊन, आन् हिच्या खोलीत अंधार.

सकाळी ल्योक चहा घेऊन टेबलाशी बसला. सून कानात बोळं घालायच्या बेतात. मी त्याच्या म्होरं जाऊन उभी ऱ्हायलो.

"अक्का हाय का गेली?"

"अगं काय बोलतेस? कालच खेळलीस की तिच्याशी."

"ती खेळत न्हाई. तिची सून खेळत्या. अक्का हाय का गेली, तेवढं सांग."

ल्योकानं सुनेकडं बघितलं, सुनेनं ल्योकाकडं. मीटिंग सुरू. मी टेबलावर हात आपटला. कप पालथा झाला.

"आहे, आहे, मावशी आहे!" ल्योक उठलाच. "काही झालेलं नाही तिला. देवाशपथ. फक्त ती खेळेना झाली. फोन फेकून दिला तिनं. स्क्रीन फुटला. मग वहिनींचा फोन आला, काय करू म्हणून. मी म्हटलं थोडे दिवस तुम्हीच खेळा, आईला बरं वाटतंय, रिलीज झालं की मी घेऊनच येतो तिला."

"माझ्या बऱ्यासाठी."

"हो ना, आई."

सून मधी पडली. "आई, आम्ही खरंच खूप विचार केला होता. तुम्हाला आत्ता सांगावं की नाही, दोन्ही बाजूंनी..."

"केला असंल," मी म्हटलं. "तुम्ही इचारच करता. बाकीचं कोण करणार ते बघून ठेवा."

ल्योकाला म्हटलं, बसचं तिकीट काढ, माझं एकटीचं, आजचं. तो म्हणाला डोळा, मी म्हटलं डोळा माझा हाय. तो म्हणाला मी पण येतो, मी म्हटलं तू रिलीज सांभाळ, ते आडवं आलं तर कोण बघणार? मग त्यानं उभ्या उभ्या फोनवर तिकीट काढलं. सांडलेला चहा पुसायच्या आत. शिमग्यापासनं जे जमत न्हवतं ते तेवढ्यात झालं. फायदं-तोटं मोजायला लागलं न्हाई.

तो मेट्रोनं मॅजेस्टिकपत्तोर आला, बसमधी बसवून दिलं. खिडकीखाली उभा ऱ्हायला. "आई, रागावलीस?" म्हणाला. मोठा माणूस, पाठीला आफिसची पिशवी, आन् डोळं पाण्यानं भरलेलं. राग न्हवता. माझ्या पोटचा हाय, काजं करून वाढवलेला हाय. कीव आली. ज्याला आईला खोटं सांगायला बी दुसऱ्याचं बोट लागतंय, त्याच्यावर राग तरी काय धरायचा?

"डबा वेळंवर खा," मी म्हटलं. कंडक्टर "होगोणा, होगोणा" करत हुता. बस निघाली.

पोचायला दिवस बुडाला. अक्का झोपल्याली. म्या दारातनंच तिचा श्वास ऐकला. तिची सून रडाय लागली, "भावजींनीच सांगितलं, मावशी, मी काय करू?" तिला म्हटलं, तुझं एकच चुकलं. तुला मारायला येत न्हाई. तिला काय कळलं न्हाई. भाकरी वाढली तिनं, मी खाल्ली आन् अक्काच्या खाटंजवळ सतरंजी टाकली.

सकाळी अक्कानं डोळं उघडलं, मला बघितलं आन् पदर तोंडावर वढून भिंतीकडं वळली. मी आत चुलीकडं गेलो, डब्यातनं चिंचोकं काढलं आन् उंबऱ्यावर दगड घिऊन घासत बसलो. खर्र खर्र. त्या आवाजानं खाट हलली. वळून बघितलं न्हाई मी. पोळपाट घेतला, त्याच्यावर कोळशानं चौकटी मारल्या. सून म्हणाली, "मावशी, पोळपाट!" मी म्हटलं, धुतला की निघतंय. बांगड्यांचं तुकडं कुठलं मिळणार, तिच्या पिलाष्टिकच्या बांगड्या फुटत न्हाईत. हरभऱ्याचं दाणं आन् शेंगदाणं घेतलं.

पोळपाट निऊन खाटंवर ठिवला तवा अक्का तोंड उघडं टाकून बघत हुती. एक बाजू वघळल्याली. लाळ आलेली मी पदरानं पुसली. तिनं पुसू दिली.

डाव्या हातानं चिंचोकं उडवायची, ती कुठंच्या कुठं जायाची. खाटंखाली, गादीच्या सांदीत. मी वाकून, रांगून आणायचो, गुडघं कुरकुरत हुतं. आणलं की परत तिच्या मुठीत द्यायचं. मी तिला सवलत दिली न्हाई. आमच्यात तसली पद्धत न्हाई. माझा शेंगदाणा नीट आडोशाआडोशानं नेत हुतो. पर शेवटी उघड्यावर यावंच लागतंय, आन् मी आलो, आन् तिला नेमकं दान पडलं. तिला दाणा उचलता येईना. बोटानं ढकलत ढकलत निऊन माझ्या शेंगदाण्याला लावला, आन् तो पोळपाटावरनं खाली पाडला. मग डाव्या हाताची थाप, खाटंवर. धूळ उडाली.

"फोन का फेकलास गं?" मी विचारलं.

बोलता येत न्हाई तिला. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. नजर माझ्या तोंडावर रोवून बसली, वखारीत बसायची तशी, आता पडंल, आता पडंल म्हणून. तवा कळलं. त्या फोनमधी तिला मी मेलेली दिसत हुतो, पर माझं तोंड पडलेलं दिसत न्हवतं. मग कशाला मारायचं?

माझा फोन वाजत हुता, ल्योकाचा. वाजू दिला.

अक्का अजून बघतच हुती. मी तोंड पडू दिलं न्हाई. तेवढं मला ह्या सगळ्या वर्षांत आलंय. अक्काला राग आला. तिनं डाव्या हातानं पोळपाट माझ्याकडं ढकलला, परत मांड म्हणून. मी मांडला.